आमच्या इन्चार्ज सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपाला शाल-श्रीफळ झालं, साहेबांचं भाषण झालं. आम्हा निम्म्या जणींना ड्युटी होती, त्यामुळे बोलायचं राहून गेलं. ते इथे सगळ्यांसमोर लिहिते.

आपलं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. रात्रपाळीला एकच सिस्टर असायची आणि आम्ही ते नशीबच समजून चाललो होतो. भाताच्या रोवणीच्या दिवसांत त्यानं जीव मेटाकुटीला यायचा. खाली झोपलेल्याला मण्यार डसली तर कित्येकदा दंश दिसतही नाही. पोट दुखतं म्हणून पहाटे आणतात, तोवर पापण्या मिटायला लागलेल्या. अँटी स्नेक व्हेनमच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, १० व्हायल (बाटल्या) सुरू करायच्या, रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनालिन हाताशी ठेवायचं आणि पेशंटपासून हलायचं नाही. नेमकी तेव्हाच लेबर रूममधून हाक येणार!

तुम्ही एक वही घातलीत. रात्री किती पेशंट, किती बाळंतपणं, सिस्टरला वॉर्ड कितीदा सोडून जावं लागलं, सगळं त्यात. सोबत इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष लावलात: शिकवणीचं रुग्णालय नसेल तर जनरल वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स, वर रजांसाठी ३० टक्के जादा. ती वही घेऊन तुम्ही साहेबांच्या केबिनचे उंबरे झिजवलेत, तेव्हा कुठे रात्रीला दुसरी सिस्टर आली. कंत्राटी का होईना. (तिच्या पगाराचं रडगाणं वेगळं आहे, ते पुन्हा कधी.)

ट्रेनिंगला आम्ही जिल्ह्याला जायचो, सर्टिफिकेट घेऊन यायचो. हात बसला तो तुमच्यामुळे. डबे खाऊन झाले की टेबलावर सरावाची बाळ-बाहुली यायची. बाळ रडलं नाही, पुसून-चोळूनही श्वास घेत नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आत अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, सुरू झाली पाहिजे. मान किंचित मागे, मास्क नाका-तोंडावर घट्ट. छाती हलली नाही की तुम्ही म्हणायच्या, "मास्कमधून हवा गळून राह्यली, पुन्हा धर." मावशींनाही सोडलं नाहीत. ऑक्सिजनची चावी कशी फिरवायची, हे आज त्या आम्हाला सांगतात.

नवा मॉनिटर आला तेव्हा आम्ही फोटो काढले. तुम्ही विचारलंत, लाईट गेल्यावर बॅटरी किती वेळ चालते? सारखा वाजतो म्हणून आम्ही त्याचा आवाजच बंद करून टाकायचो; पेशंट पाहून अलार्मच्या मर्यादा लावायला तुम्ही शिकवलंत. पोर्टलपुढे मात्र तुमचंही काही चाललं नाही. एकच बाळंतपण अजून रजिस्टरातही लिहितो आणि कॉम्प्युटरवरही भरतो.

दोन नव्या पोरी रुजू होत आहेत. बाहुलीच्या बॅगेचा वॉल्व्ह गेलाय, नागपूरला कुठल्या दुकानात मिळतो तेवढं कळवा. आणि जमलं तर एखाद्या दुपारी या, डबा आम्ही आणू.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
एक स्टाफ नर्स