बुद्ध्यांक कोणत्या चाचणीचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या मुलीची कालची बातमी वाचली. बुद्ध्यांक १६२! पोरीचं मनापासून अभिनंदन. पण ‘आइन्स्टाइनपेक्षा दोन गुण जास्त’ हे शीर्षक कुणाला सुचलं? आइन्स्टाइननी अशी चाचणी दिल्याची नोंदच नाही; ते १६० मागाहून लोकांनी अंदाजाने चिकटवलेले. आणि १६२ हा आकडा असा सारखा येतो, कारण कॅटेल थ्री-बी चाचणीत मुलांना त्याहून जास्त मिळतच नाहीत. सरासरी सगळीकडे १००च; पण प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप, त्या चाचणीत २४, तर वेक्स्लर या दुसऱ्या प्रचलित चाचणीत १५. म्हणजे हेच यश वेक्स्लरच्या पट्टीवर १३९च्या आसपास भरतं. चाचणीचं नाव छापायला अर्धी ओळ पुरली असती.

तुम्ही म्हणाल, एवढं काय चिडायचं? माझ्या नातवाला तिसरीत असताना शाळेने समुपदेशकाकडे धाडलं. घरात सगळे मराठी, चाचणी मात्र इंग्रजीतून. तोंडी हिशेबात ‘ट्वेंटी नाइन’ ऐकून तो एकोणतीस की एकोणचाळीस हेच ठरवत बसला, तोवर बाईंनी स्टॉपवॉच दाबलं. अहवालात ७८. कुठली चाचणी, याचा पत्ता नाही. खाली शेरा, ‘अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात’. सूनबाई दोन घास जेवली नाही. पोराने त्याच संध्याकाळी मला बदाम सातमध्ये हरवलं, तेही मी कुठली सत्ती अडवून धरलीय ते ओळखून.

मराठीत चाचणी नाही म्हणावं, तर कामत या अभ्यासकांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी-कानडीत आणून ऐंशीहून अधिक वर्षं झाली. आता तिचे निकष जुने झालेत, ही गोष्ट वेगळी.

चाचण्या बंद करा, असं मी म्हणत नाही. मी शिक्षिका असताना माझ्या वर्गातल्या एका मुलीला वाचताना अक्षरं लागायची नाहीत. बुद्धी चांगली आहे हे चाचणीत दिसलं, म्हणून तिचं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र झालं आणि दहावीला जादा वेळ मिळाला. बिनेने १९०५ साली पॅरिसमध्ये हा उद्योग आरंभला तोही मागे पडणारी मुलं हेरून त्यांना नीट शिकवता यावं म्हणून, आइन्स्टाइनशी शर्यत लावायला नव्हे.

ता. क. : शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीला १०० गुण असतात. ‘महिन्यात बुद्धिमत्ता पक्की’ अशी एका क्लासची जाहिरात कालच्याच अंकात, त्या बातमीला खेटून आहे. तेवढी जागा शब्दकोड्याला दिलीत, तर त्याचे चौकोन आम्हा म्हाताऱ्यांना दिसतील.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज