रताळी पाठवतोय

चि. सचिनास,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आधी ठेवला, ते चुकलंच. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. म्हणून हे पत्र. जेवणाचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच बसलोय.

पण एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.१, तेही चौतिसाव्या वर्षी! ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर, हे तूच सांगितलंस आणि वर हसलास. आप्पाही असेच हसायचे. पायाचा अंगठा गेला तेव्हा म्हणाले, "नऊ आहेत की अजून."

रात्री अकराला घरी येऊन तू खातोस काय? ते मैद्याचं पार्सलच ना? तुझ्या आजीच्या ताटात जोंधळ्याची भाकरी, पुंडीची भाजी आणि हुलग्याची आमटी असायची. बर्किट नावाच्या आयरिश सर्जनलाही आफ्रिकेत हेच दिसलं होतं : चोथा, म्हणजे तुमचं ते फायबर, भरपूर खाणाऱ्या खेडुतांत आतड्याचे कितीतरी आजार विरळा. हा चोथा आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जंतू तो आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या ब्युटिरेट नावाच्या पदार्थावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. विरघळणारा चोथा साखरही रक्तात सावकाश उतरू देतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. मैद्यात तो कुठून येणार?

झाली बघ मास्तरकी सुरू. माफ कर. तीस वर्षं खडू धरलेला हात आहे.

बेंगळुरूत स्वतःचं घर केलंस, कन्नड तर माझ्यापेक्षा चांगलं बोलतोस. गल्लीत सगळ्यांना सांगत असतो मी.

आठवतं का, मामाच्या शेतात भाजलेली रताळी तू सालीसकट, थोडी मातीसकट, पोटभर खाल्लीस? रात्रभर पोट फुगलेलं. तुला खांद्यावर टाकून मी अंगणात फेऱ्या घालत होतो. तेव्हा एकदम सगळं बदलू नकोस. हळूहळू वाढव, पाणी पी.

शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीनं रताळी आणि जोंधळ्याचं पीठ पाठवतोय. भाकरी थापता येत नसेल तर उकड काढून लाट, असं आई म्हणते. शेंगाचटणीचा डबा पिठाच्या पिशवीत आहे. गाडी पहाटे पोचते, झोपून राहू नकोस.

आणि रात्री काय जेवलास तेवढं कळव. मी काही बोलणार नाही.

तुझे,
बाबा