सामाईक चलनाने कांद्याचे पैसे लवकर सुटणार नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळने एकच चलन आणावे, म्हणजे आपल्या कांद्याची निर्यात सुरळीत होईल, असे मत अधूनमधून कानावर येते. 2003 साली तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनीही दक्षिण आशियासाठी एका चलनाची कल्पना जाहीरपणे मांडली होती. हेतू चांगला आहे, पण निदान चुकीचे आहे.

एक गाडी घ्या. लासलगावहून 25 टन कांदा 20 रुपये किलोने बांगलादेशच्या घोजाडांगा सीमेकडे निघाला, म्हणजे माल 5 लाखांचा. खरेदीदाराची एलसी, म्हणजे त्याच्या बँकेने दिलेली पैशांची लेखी हमी, डॉलरमध्ये असते. त्याची बँक टाका हे तिथले चलन देऊन डॉलर घेते, इथली बँक त्या डॉलरचे रुपये करते. दोन्हीकडचे मिळून एक टक्का गेला असे धरले तर 5 हजार रुपये. सामाईक चलनाने वाचतील ते एवढेच. खरा तोटा होतो तो एलसीच उघडली जात नाही तेव्हा. बांगलादेशात 2022-23 मध्ये डॉलरची टंचाई होती आणि एलसी रखडत होत्या. लाल कांद्याची गाडी सीमेवर चार दिवस उभी राहिली की तळाच्या गोण्यांतून पाणी सुटू लागते. मग भावाची घासाघीस सुरू होते आणि त्यात 5 हजारांच्या कितीतरी पट रक्कम जाते.

ही टंचाई चलन बदलून जात नाही. बांगलादेश आपल्याकडून जेवढे घेतो त्याच्या मानाने आपल्याला फारच थोडे विकतो. मधली तूट कोणत्याही नोटेत मोजली तरी कर्ज काढूनच भरावी लागते. शिवाय आज अशा देशाचे चलन घसरते आणि थोडाफार ताण तिथे निघतो. 2022 मध्ये श्रीलंकेचा रुपया काही आठवड्यांत डॉलरला सुमारे 200 वरून 360 वर गेला. तिथे आयात महागली, लोकांचे हाल झाले, पण चहा आणि तयार कपडे परदेशी खरेदीदाराला स्वस्त पडू लागले. युरोत अडकलेल्या ग्रीसला ही वाटच नव्हती. पगार आणि पेन्शन कापावे लागले, 2013 मध्ये बेकारी 27 टक्क्यांवर गेली आणि 2015 च्या उन्हाळ्यात एटीएममधून दिवसाला फक्त 60 युरो काढता येत होते.

आपला स्वतःचा अनुभवही विसरू नये. आखातात एकेकाळी भारतीय रुपयाच चालत असे. 1959 पासून तिथल्यासाठी रिझर्व्ह बँक वेगळ्या नोटा छापत होती. 6 जून 1966 ला दिल्लीने अवमूल्यन केले, डॉलर 4.76 रुपयांवरून 7.50 रुपयांवर गेला. कतार आणि दुबईने रुपया सोडून दिला. ज्या निर्णयात त्यांचे मत नव्हते, त्याची किंमत त्यांनी का मोजावी? ढाका आणि कोलंबो हाच प्रश्न विचारतील आणि तो रास्त असेल. नेपाळने 1993 पासून 1.60 नेपाळी रुपयांना एक भारतीय रुपया असा दर बांधून ठेवला आहे, तरी भारतीय रुपये मिळवायला नेपाळ राष्ट्र बँकेला डॉलर विकावे लागतात.

त्यापेक्षा रुपयातला व्यवहार वाढवावा. जुलै 2022 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने त्याची सोय झाली आहे. परदेशी बँक इथल्या बँकेत विशेष व्होस्ट्रो खाते उघडते, एलसी रुपयांत निघते, कागदपत्रे जुळली की त्याच खात्यातून निर्यातदाराला पैसे मिळतात. बांगलादेशाशी हे जुलै 2023 मध्ये सुरू झाले. मेख अशी की त्या खात्यात रुपये येतात ते बांगलादेश आपल्याला विकतो त्यातून, आणि ते लवकर संपतात. सार्क देशांच्या मध्यवर्ती बँकांसाठी 25 हजार कोटींची रुपया-स्वॅप (आपले चलन देऊन काही मुदतीसाठी रुपये घेण्याची) सोय 2024 मध्ये जाहीर झाली आहे. तिचा एक भाग कांदा, डाळ, कापूस अशा मालाच्या एलसीसाठी राखून ठेवावा, अशी मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत लावून धरायला हवी.

8 डिसेंबर 2023 ला कांद्यावर निर्यातबंदी झाली ती थेट मे 2024 पर्यंत, आणि ती उठली तरी 40 टक्के शुल्क राहिलेच. त्या काळात गिऱ्हाईक दुसरीकडे वळले. तो फटका चलनाचा नव्हताच, धोरणाचा होता.

स्वॅपची ही मागणी मान्य होईपर्यंत व्यापारी बांधवांनी निदान एवढे करावे. रुपयातल्या एलसीवर माल भरण्याआधी खरेदीदाराच्या बँकेच्या व्होस्ट्रो खात्यात पुरेशी शिल्लक आहे का, हे आपल्या बँकेकडून लेखी विचारून घ्यावे. एलसीवरचे वजन आणि फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या) सर्टिफिकेटवरचे वजन जुळते का, तेही गाडी हलण्याआधीच तपासावे. तिथे फरक निघाला की बँक कागद परत पाठवते आणि कांदा मात्र सीमेवर थांबतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, पंचवटी, नाशिक