थायरॉईडची गोळी आणि सकाळचा चहा

महोदय,

थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढल्यावर लेव्होथायरॉक्सिनची (म्हणजे थायरॉईड हार्मोनची) गोळी जन्मभर घ्यावी लागते, एवढे प्रत्येक रुग्णाला सांगितले जाते. ती घ्यायची कशी, हे मात्र ओपीडीच्या गर्दीत बहुधा राहून जाते. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहासुद्धा अर्ध्या ते एका तासानंतरच प्यावा. शस्त्रक्रियेनंतर अनेकांना कॅल्शियमही लिहून दिलेले असते आणि ‘सकाळच्या गोळ्या’ म्हणून दोन्ही एकाच घोटात घेतल्या, की कॅल्शियममुळे हार्मोन आतड्यात नीट शोषले जात नाही, टीएसएच (थायरॉईड हार्मोन कमी पडले की रक्तात वाढणारा घटक) वाढतो आणि डोस विनाकारण वाढवला जातो. लोहाच्या गोळीचेही तेच. अंतर किमान 4 तासांचे हवे. डोस बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांआधीच केलेली टीएसएच तपासणी (आणि तिचे पैसे) बहुतेक वेळा वाया जाते. कर्करोगामुळे ग्रंथी काढलेल्यांचा टीएसएच काही वेळा मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे शेजारणीच्या रिपोर्टशी ताडून परस्पर गोळी कमी करणे धोक्याचे आहे. रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावर या सूचना मराठीत, ठळक अक्षरांत छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, सांगली