बाबा, रेकॉर्ड्स खराब झालेल्या नाहीयेत

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेलं की बाबा तुम्ही "बरं बरं" म्हणून आईकडे फोन देता, म्हणून लिहूनच पाठवतेय. मी पुण्याला आणलेल्या दोन्ही रेकॉर्ड्स ठणठणीत आहेत, काल रात्री दोन्ही पूर्ण ऐकल्या.

तुमच्या सत्तरीला टर्नटेबल आणलं, आपल्या जुन्या अॅम्प्लिफायरला मागे ऑक्समध्ये लावलं आणि आवाज कसा आला आठवतंय ना, व्हॉल्यूम पूर्ण वर तरी लांबून आल्यासारखा, डग्गा गायब आणि किशोरीताईंचा "स" नुसता चिरका. तुम्ही म्हणालात, माळ्यावर टाकून मीच वाट लावली, पत्र्याखाली तापून गेल्या सगळ्या. तुमचा तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही हो. चूक माळ्याची नव्हती, मधला एक डबाच आपण लावला नव्हता.

तुम्ही म्हणाला होतात की जुना प्लेअर तर डायरेक्ट लागायचा, मग हा का नाही? बरोबर आहे तुमचं. त्याच्यात सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला तो छोटा भाग) होतं, ते शेकडो मिलिव्होल्ट देतं. नव्यात मॅग्नेटवालं आहे, ते जेमतेम 4-5 मिलिव्होल्ट. आणि दुसरं असं की रेकॉर्ड कापतानाच खर्ज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच एवढी रुंद होईल की एका बाजूला 20 मिनिटं मावणारच नाहीत, आणि वरचे सूर मुद्दाम वाढवतात म्हणजे वाजवताना ते परत खाली आणले की खरखरही त्यांच्याबरोबर खाली जाते. 1954 च्या सुमारास अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने याचं एकच माप ठरवलं, आरआयएए म्हणतात त्याला. 1000 हर्ट्झच्या तुलनेत 50 हर्ट्झचा सूर सातपट दाबलेला आणि 10,000 चा जवळजवळ पाचपट चढवलेला. आपण ऐकलं ते हे असं उलटंच ऐकलं, सरळ केलंच नव्हतं!

ते सरळ करणारा फोनो प्रीअॅम्प मी घरीच केला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ जाऊन सामान आणलं, 5532 नावाची आठ पायांची आयसी, तिचा बेस, झिरो बोर्ड म्हणजे भोकाभोकांचा कोरा बोर्ड, एक टक्कावाले मेटल फिल्म रेझिस्टर, थोडे कपॅसिटर. इथे चकतीवाले स्वस्त कपॅसिटर चालत नाहीत, पॉलिस्टरचेच घेतले आणि प्रत्येक मीटरवर मोजून डाव्या-उजव्या बाजूला जोडीजोडीने लावले, दोन बाजू वेगळ्या वाजल्या तर एवढं करून उपयोग काय. इनपुटला 47 किलोओहम, आणि मधल्या सुरांना साधारण 100 पट वाढ.

पहिल्या दिवशी उजवी बाजू मुकी होती. ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा डाग निघाला, आयसीच्या सातव्या पायाला, वरून चकचकीत दिसत होतं पण पक्कडीने हलवलं तर तार हलली. ते झालं तर मग घूं सुरू. आपली लाइट 50 हर्ट्झची आणि प्रीअॅम्प असे खालचे सूरच जास्त वाढवतो, 100 गुणिले 7, म्हणजे घरातल्या वायरिंगची बारीकशी कुजबुजसुद्धा 700 पट. आई, इथे तुझा शंकरपाळ्यांचा पत्र्याचा डबा कामी आला. बोर्ड त्यात बसवला, आतून एका जागी रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, तिथे स्क्रू मारला आणि टर्नटेबलची ती चौथी बारीक वायर, जी आपण मिरजेत नुसतीच लोंबकळत ठेवली होती, ती त्या स्क्रूखाली आवळली. घूं जवळजवळ गेलीच. उरलेली ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात दोन फूट लांब ठेवल्यावर गेली.

मग रात्री साडेअकराला भूप लावला. सुरुवातीला नुसता तानपुरा असतो ना, त्याची जवारी, तारांचा तो झणकार, अशी खोलीभर पसरली की मी खुर्चीवरून उठलेच नाही, आणि तानपुऱ्यांच्या मिरजेत आयुष्य काढलेल्या माणसाला जवारी काय ते मी काय सांगणार. डग्ग्याची घुमार पोटात कळली, बाबा. तुम्ही ऐकायला शेजारी हवे होतात.

गणपतीत सगळं घेऊन येतेय. तोवर बाकीच्या रेकॉर्ड्स माळ्यावरून खाली काढा, स्वतः स्टुलावर चढू नका, समोरच्यांच्या मुलाला बोलवा. आडव्या एकावर एक रचू नका, कपाटात पुस्तकांसारख्या उभ्या लावा. पुसायच्या असतील तर मऊ कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. आणि आई, भंगारवाल्याला बाबांनी रविवारी यायला सांगितलंय म्हणालीस ना, त्याला आजच फोन करून नको म्हणून सांग.

तुमची,
ताई