ग्रंथालयाच्या बालविभागातल्या ताईंना, एका वर्गशिक्षिकेकडून

आदरणीय ताई,

त्या दिवशी मुलांना रांगेत उभं करून बसपर्यंत न्यायची गडबड होती, म्हणून तुमच्याशी धड बोलता आलं नाही. दारातूनच 'थँक यू' म्हणून आम्ही निघालो. तेवढ्यावर माझं समाधान झालेलं नाही. आपल्याकडे तक्रार चारचौघांत होते आणि आभार मात्र दारातल्या दारात उरकले जातात. म्हणून हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

ज्या मुलीबद्दल लिहिते आहे ती कोण, हे तुम्हाला लगेच कळेल. तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहिते आहे. "लिहा, पण नाव नको," असं तिनेच सांगितलं.

तिला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अडचण आहे. डोक्याने तल्लख, ऐकलेली गोष्ट महिनाभराने तपशिलासकट सांगेल. पण छापलेली ओळ समोर आली की अक्षरं जागेवर थांबत नाहीत, असं ती म्हणते. वर्गातल्या इतरांच्या हातात जाड पुस्तकं असतात, म्हणून तीही जाडच उचलते. शेजारणीने पान उलटलं की हीसुद्धा उलटते. त्या अर्ध्या तासाच्या वाचनात तुम्ही मुलांमधून फिरत होतात तेव्हा हे तुमच्या लक्षात आलं. तुमची नजर तिच्यावर क्षणभर थांबली आणि पुढे गेली. तुम्ही तिला काही विचारलं नाही, मलाही नाही.

मग ती समुद्रसफरीची जाडजूड कादंबरी घेऊन तुमच्या टेबलाशी आली. तुम्ही पुस्तक नोंदवलं, परत करायची तारीख सांगितली आणि त्याच सुरात म्हणालात, "ह्याचं ऑडिओबुकपण आहे. सोबत देऊ? ऐकता ऐकता पुस्तकात बघत गेलं की मजा येते." ती गप्प झाली. तिने मागे रांगेकडे पाहिलं. तिच्या मनात काय चाललंय ते मला लांबूनही कळत होतं: आता सगळ्यांना समजणार. तेवढ्यात तुम्ही तिच्या मागच्या मुलाला विचारलंत, "तुला पण हवंय का ऐकायचं?" त्याच्या मागचीला तेच. तिच्या मागच्याला तेच. रांग संपेपर्यंत एकालाही वगळलं नाहीत. प्रत्येकाचं पुस्तक संगणकावर शोधलंत. नसेल तर "ह्याचं अजून आलेलं नाही" असं सांगितलंत, असेल तर दिलंत. वर्गात सगळ्यात भरभर वाचणाऱ्या मुलीनेही घेतलं. पहिला प्रश्न कोणासाठी होता, हे रांगेतल्या एकाही मुलाला कळलं नाही.

ताई, तुमचा केवढा वेळ गेला त्यात! बाहेर दुसऱ्या शाळेचा वर्ग थांबला होता. तरी तुमचा आवाज शेवटच्या मुलाशी बोलतानाही पहिल्यासारखाच होता. आणि एक गोष्ट मला त्याहूनही मोठी वाटते. तिच्या हातातली जाड कादंबरी तुम्ही काढून घेतली नाहीत.

हे मला इतकं का भिडलं, ते सांगते. आधी आम्ही ज्या ग्रंथालयात जायचो, त्याचं नाव घेत नाही. तिथे याच मुलीला सगळ्या वर्गासमोर ऐकवलं गेलं होतं, "हे तुला झेपायचं नाही, खालच्या कप्प्यातलं बाळांचं घे." त्यानंतर ग्रंथालयाचा दिवस आला की तिचं पोट दुखायचं. मी तिथल्या जबाबदार माणसाशी बोलले, तर नियम दाखवला गेला. मुलं पानं फाडतात म्हणून चांगली पुस्तकं काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप. वर्गासाठी संच मागितला तर उत्तर मिळालं की शिक्षक झाला तरी सभासद एकच, पुस्तकंही इतरांइतकीच. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितला. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. त्या कपाटासमोर उभी असताना मला हे दोन्ही नियम आठवायचे आणि संताप यायचा. तो अजून गेलेला नाही. तिथली पुस्तकं आजही कोरी करकरीत असतील, आणि त्याचा कोणाला अभिमानही वाटत असेल.

तुमच्याकडे आल्यावर पहिल्याच भेटीत तुम्ही मला विचारलंत, "पुढच्या महिन्यात वर्गात काय शिकवणार आहात?" असं याआधी मला कुठल्याच ग्रंथालयात कोणी विचारलं नव्हतं. मग त्या विषयाची पेटी तयार करून दिलीत. तीत अवघड पुस्तकं होती, सोपी होती, नुसत्या चित्रांचीही होती, सगळी एकत्र, आणि धडा संपेपर्यंत ठेवायची मुभा. शिक्षकाला अशी पेटी मिळाली की वर्गाचं काय होतं, हे शिकवणाऱ्यालाच कळेल. एका पाठ्यपुस्तकाला टेकून बसलेला वर्ग उठून उभा राहतो. दोन पुस्तकांत एकाच गोष्टीबद्दल वेगळं लिहिलेलं सापडतं आणि मुलं भांडायला लागतात, कोणाचं खरं म्हणून. मला ते भांडण फार आवडतं.

मुलांना पुस्तक शोधायला शिकवलंत, तो तास तर मीही वहीत उतरवून घेतला. पुस्तकांना विषयवार आकडे देणारी मेल्व्हिल ड्युईची १८७६ मधली दशांश पद्धत मी बी.एड.ला पाठ केली होती, पण तुम्ही तिचा खेळ केलात. चिठ्ठीवर नुसता आकडा, आणि मुलांनी कपाट शोधायचं. ५२३ म्हणजे ग्रहतारे, ७९६ म्हणजे मैदानी खेळ. माझ्या वर्गातला एक मुलगा पुस्तक म्हटलं की पळ काढायचा. त्याला ५६७ ची चिठ्ठी मिळाली आणि समोर डायनोसॉर निघाले. आता तो त्या कपाटाकडे आधी धावतो. गृहपाठाच्या तासाला तुमच्याकडे येणाऱ्या मुलांना तुम्ही उत्तर सांगत नाही, कुठे मिळेल ते दाखवता, हेही मुलांकडून कळलं. सुट्टीतल्या वाचन उपक्रमाबद्दल एवढंच सांगते की त्यामुळे यंदा शाळा उघडल्यावर मला मागचं पुन्हा गिरवून घ्यावं लागलं नाही.

एवढं सगळं तुम्ही करता, आणि वर "हे आमचं कामच आहे" म्हणता. कागदावर ते आहेच. इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात औपचारिक शिक्षणाला साथ देणं हे ग्रंथालयाचं काम म्हणून सांगितलेलं आहे, आणि ज्यांना नेहमीचं साहित्य वापरता येत नाही त्यांच्यासाठी वेगळी सोय करायलाही सांगितलं आहे. ज्यांना छापील मजकूर वाचणं अवघड जातं त्यांना पुस्तकं वापरता येतील अशा रूपात मिळावीत म्हणून २०१३ मध्ये माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार झाला. दृष्टिहीनांबरोबर वाचनाची अडचण असणारेही त्यात येतात. वाचकाची खाजगी बाब खाजगी राहावी, हे ग्रंथपालांच्या आचारसंहितेत आहे. पण रांगेतल्या प्रत्येक मुलाला तोच प्रश्न विचारावा, हे कुठल्याही जाहीरनाम्यात लिहिलेलं नाही. ते तुमच्या मनात आलं. एका मुलीची मान खाली जाऊ नये म्हणून तुम्ही सगळ्या रांगेला सेवा दिलीत.

मदत करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मदत घेणाऱ्याला आपण घेतोय हे जाणवू न देणारी फार थोडी. माझ्या ओळखीत एक डॉक्टर आहेत, एक शाळेतले शिपाई आहेत आणि आता तुम्ही. अशा माणसांचा सत्कार होत नाही, कारण त्यांनी काय केलं हे सांगायला गेलं तर दोन वाक्यांत संपतं. शिक्षक म्हणून आमच्या प्रशिक्षणांत समावेशक शिक्षणावर दिवसच्या दिवस भाषणं होतात. ती ऐकताना यापुढे मला तुमचं टेबल डोळ्यासमोर येईल.

आता त्या कादंबरीचं. तिने ती पूर्ण केली. कानाला इअरफोन, ओळीवर बोट. पहिले काही दिवस आवाज पुढे पळायचा आणि बोट मागे राहायचं, मग तिने वेग कमी करायचं बटण शोधून काढलं. परवा वर्गात कोणीतरी त्या गोष्टीतल्या वादळाचा प्रसंग चुकीचा सांगत होता. तिने हात वर केला, पुस्तक उघडून ते पान काढलं आणि दोन ओळी मोठ्याने वाचल्या. सावकाश, एका शब्दाला अडखळत, पण वर्गासमोर. मग तिनेच सगळ्यांना सांगितलं की ती ऐकून वाचते. दोघा-तिघांनी विचारलं, "ते आम्हाला कसं मिळेल?"

तुमच्या वरिष्ठांना मी वेगळं पत्र दिलं आहे. त्यात वर्गभेटींसाठी तुमच्या मदतीला आणखी एक माणूस मिळावा, अशी विनंती शाळेच्या वतीने केली आहे. ऑडिओबुकांची मागणी वाढली आहे हेही कळवलं आहे, खरेदीच्या वेळी ते पत्र तुमच्या उपयोगी पडावं.

पुढच्या पेटीचा विषय नद्या आणि पूर. आणि त्या मुलीने त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक मागितलं आहे, ऐकायचं आणि वाचायचं दोन्ही. बाजूला काढून ठेवाल का?

तुमची आभारी,
सातवीची वर्गशिक्षिका