बाबा, रविवारी पहाटे पाचला फोन उचला

मिसिसागा, कॅनडा, 8 जून 2025

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

आई, हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय. तरी बाबांचे डोळे दुखायला लागले तर तू वाचून दाखव. पण मधलं काही गाळू नकोस.

बाबा, गेल्या रविवारी तुम्ही फोन आईच्या हातात दिलात आणि गॅलरीत निघून गेलात. तुमचा नातू इतकंच म्हणाला होता की, आजोबा, मला लॅक्रॉस (काठीच्या जाळीत चेंडू झेलायचा तो खेळ) खेळायचंय, शाळेपुरतं नाही, पुढंही, प्रोफेशनल. तुम्ही म्हणालात, "खेळानं घर चालत नाही." नंतर पोरगा बराच वेळ गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारत बसला. तुम्ही आला होतात तेव्हा त्या आवाजानं तुमची दुपारची झोप मोडायची. तो आवाज अजून तसाच चालू आहे. रोज दोनशे उजव्या हातानं, दोनशे डाव्या. भिंतीचा रंग कधीच गेला, विटा दिसायला लागल्यात.

तुम्ही बोललात त्याचा मला राग नाही. तुम्हाला ते बोलायचा हक्क आहे, आणि तो कुठून आला हे मला ठाऊक आहे. कबड्डी खेळता येते म्हणून तुम्हाला गिरणीत घेतलं. वीस वर्षांचा पोरगा, उजवा कोपरा, एकदा घोटा हातात आला की सुटायचा नाही, असं काका सांगायचे. तुमची हजेरी साचाखात्यात लागायची, पण दुपारी तुम्ही मैदानावर. साचा चालवायला तुम्हाला कुणी नीट शिकवलंच नाही, कारण गिरणीला तुमच्याकडून कापड नको होतं, विजेतेपदाची ढाल हवी होती. मग 1982 चा जानेवारी आला, संप झाला, आणि खेळ आणि पगार एकाच दिवशी गेले. मी तेव्हा दोन वर्षांची. पुढची आठवण आहे ती आईच्या डब्यांची, आणि तुमच्या वॉचमनच्या गणवेशाची. तो तुम्ही घरात शिरायच्या आधी जिन्यातच काढायचात. चाळीतल्या पोरांनी तुम्हाला त्या कपड्यांत बघू नये म्हणून, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून सांगते, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण नातू जे मागतोय ते तुमच्या वाट्याला आलं त्याच्या नेमकं उलटं आहे.

आमच्याच गावात एक गणिताचे मास्तर होते. जॉन तवारेस. सोमवार ते शुक्रवार इथल्या शाळेत फळ्यावर गणितं, आणि शनिवारी रात्री सीमेपलीकडं अमेरिकेतल्या बफेलोमध्ये बँडिट्स संघाकडून खेळायचे. इथून हायवेनं नायगाराच्या अंगानं जायचं, पीस ब्रिज ओलांडायचा, पलीकडं बफेलो, 19 हजार खुर्च्यांचं स्टेडियम. असं त्यांनी 1992 पासून 2015 पर्यंत केलं. चोवीस मोसम, बाबा! 815 गोल, आणि दुसऱ्यांच्या गोलांना लावलेले हात धरून 1,749 गुण. त्यांच्या काळात संघानं चार अजिंक्यपदं जिंकली. वयाची पंचेचाळिशी उलटली तरी मैदानावर होते, आणि सोमवारी वर्गातही. आता ते त्याच संघाचे प्रशिक्षक आहेत, आणि गेल्या महिन्यात बँडिट्सनं लागोपाठ तिसऱ्या वर्षी अजिंक्यपद मिळवलं. आईस हॉकीत त्याच नावाचा मोठा खेळाडू आहे, तो त्यांचा पुतण्या. पुतण्याला खेळाचे कोट्यवधी मिळतात. काकांना घर गणितावर चालवावं लागलं. तरी काकांनी खेळ सोडला नाही, आणि गणितही सोडलं नाही.

हा एकट्यादुकट्याचा मामला नाही. नॅशनल लॅक्रॉस लीग म्हणजे इथली बंदिस्त मैदानावरची मोठी स्पर्धा. ती हिवाळ्यात चालते, प्रत्येक संघाचे 18 सामने. बहुतेक पोरं दुसरीकडं नोकरी करतात. कुणी मास्तर, कुणी अग्निशमन दलात, कुणी पोलीस, कुणी विक्रीच्या कामात. शुक्रवारी संध्याकाळी विमान पकडायचं, शनिवारी खेळायचं, रविवारी परत, सोमवारी कामावर. मोसमाचे पैसे मिळतात त्यात घरभाडं निघेल, घर चालणार नाही. उन्हाळ्यात उघड्या मैदानावरची प्रीमियर लॅक्रॉस लीग असते. पॉल रॅबिल नावाच्या खेळाडूनं भावाबरोबर ती 2019 मध्ये काढली. त्यांनी खेळाडूंना आरोग्य विमा आणि लीगच्या मालकीत हिस्सा देऊ केला, तेव्हा इथं ती मोठी बातमी झाली होती. जखमी होणं ज्यांच्या कामातच आहे त्यांना विमा मिळणं ही बातमी व्हावी, याचं मला वाईटही वाटलं.

म्हणजे इथं खेळाडू होणं म्हणजे आधी दुसरं काहीतरी होणं. ज्या हातात काठी, त्याच हातात कसब हवं. नातवाला मी हेच सांगितलंय आणि त्यानं ते मानलंय. तो बारावीनंतर इलेक्ट्रिशियनची उमेदवारी करणार आहे. कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली तर अमेरिकेत जाईल, पण तिथं लॅक्रॉससाठी पूर्ण शिष्यवृत्ती फार थोड्यांना मिळते, म्हणून त्या भरवशावर आम्ही काही ठेवलेलं नाही. लीगनं त्याला घेतलं तर एकविसाव्या वर्षी घेईल. नाही घेतलं तरी वायरमनचं काम त्याच्याजवळ असेल. तुमच्या साचाखात्यात जे झालं नाही, ते आधी करून घ्यायचं असं मी ठरवलंय.

आई, तुला खेळच कळत नाही म्हणतेस, म्हणून सांगते. काठीच्या टोकाला जाळीची पिशवी, त्यात चेंडू झेलायचा, झुलवत पळायचं आणि गोलात फेकायचा. आपला पोरगा खेळतो तो प्रकार आईस हॉकीच्या रिंकमध्ये चालतो. उन्हाळ्यात बर्फ काढला की रिंक रिकामे पडायचे, म्हणून 1930 च्या दशकात इथल्या लोकांनी लॅक्रॉस आत आणलं. बाजूला पाच आणि एक गोलरक्षक. चेंडू हातात आला की तीस सेकंदांत गोलावर मारलाच पाहिजे. बाबा, ही तुमच्या चढाईचीच वेळ आहे! चेंडू भरीव रबराचा, क्रिकेटच्या चेंडूहून थोडा हलका, पण कसलेल्या खेळाडूच्या काठीतून ताशी 160 किलोमीटरच्या वर सुटतो. आणि काठीनं दुसऱ्याला ढकलायची परवानगी असते. ते बघताना मी अजून डोळे मिटते. मागच्या वर्षी त्याला डोक्याला मार बसला, सहा आठवडे घरी होता, उजेड सहन होत नव्हता. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. चूक झाली माझी. त्या सहा आठवड्यांत मी दहा वेळा ठरवलं की आता बास, काठी माळ्यावर टाकायची. मग डॉक्टरांनी सोडलं, आणि तो पहिल्या दिवशी गॅरेजसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून माझ्याच्यानं काठी काढून घेववली नाही.

एक दिवस मात्र तुम्हाला सांगायलाच हवा. मेमध्ये त्यांचा सामना सिक्स नेशन्सला होता. इथून तासाभरावर, ग्रँड नदीच्या काठी, इथल्या मूळ रहिवाशांची, हौडेनोसोनी लोकांची वस्ती. हा खेळ मुळात त्यांचा. गोरे लोक या देशात यायच्या आधीपासूनचा. त्यांच्यात तो देवानं दिलेला खेळ मानतात, औषध मानतात. कुणी आजारी असेल तर त्याच्यासाठी खेळ मांडतात, लाकडी काठ्या आणि हरणाच्या कातड्याचा चेंडू घेऊन. आपण नवस बोलतो, ते खेळ बोलतात. मुलगा जन्मला की पाळण्यात छोटी काठी ठेवतात आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्याबरोबर देतात. एका आजोबांनी हिकरीच्या लाकडाची, वाफेवर वाकवलेली काठी आमच्या पोरांना दाखवली. पुरुषांच्या त्या काठीला बायकांनी हात लावायचा नसतो, म्हणून मी दुरूनच पाहिली. आमची पोरं अकरा गोलांनी हरली. आणि त्या आजोबांनी सामना संपल्यावर हरलेल्या प्रत्येक पोराशी हस्तांदोलन केलं, एकेकाचा खेळ कसा होता ते सांगत. आपल्या पोराला म्हणाले, डावा हात चांगला आहे. गाडीत घरी येईपर्यंत हा काही बोलला नाही, नुसता डावा हात बघत होता.

त्याच्या खोलीत लाइल थॉम्पसनचा फोटो आहे, लांब वेणी असलेला. तो हौडेनोसोनीच, ओनोंडागा वस्तीतला, चार भाऊ आणि चौघंही खेळणारे. अमेरिकेत कॉलेजातला सर्वोत्तम लॅक्रॉस खेळाडू म्हणून टेवाराटन पुरस्कार देतात. 2014 मध्ये तो लाइल आणि त्याचा भाऊ माइल्स यांना मिळून दिला, आणि 2015 मध्ये पुन्हा लाइलला. मला त्याच्याबद्दल आवडतं ते वेगळंच. हा खेळ आमचा आहे, त्यामागं काय आहे ते समजून खेळा, असं तो लहान मुलांना जागोजागी जाऊन सांगतो.

आणि हे ऐका. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस आलंय, आणि ते ठरलं कुठं, तर आपल्या मुंबईत! ऑक्टोबर 2023 मध्ये बांद्र्याच्या संकुलात ऑलिंपिक समितीची बैठक झाली, त्यात क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही हात वर झाले. तुम्ही तेव्हा टीव्हीवर क्रिकेटची बातमी बघितली असणार, पुढचं नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. इथं आमच्या घरात त्या दिवशी उड्या मारल्या होत्या. पण त्या आजोबांच्या लोकांना त्यांच्याच झेंड्याखाली तिथं खेळायला अजून परवानगी मिळालेली नाही, कारण त्यांची मान्यता असलेली ऑलिंपिक समिती नाही. 1904 च्या ऑलिंपिकमध्ये तर त्यांच्यातल्याच मोहॉक खेळाडूंच्या संघाला पदक मिळालं होतं. खेळ ज्यांनी दिला त्यांनाच दारात थांबवायचं, हे मला पटत नाही, आणि तुमच्या नातवालाही पटत नाही. या वयात त्याला हे कळतं याचा मला अभिमान आहे.

आता मूळ मुद्दा. बाबा, तुम्ही त्याला कबड्डीबद्दल कधीच काही सांगितलेलं नाही. मलाही नाही. मला जे माहीत आहे ते काकांकडून आणि आईकडून. आईच्या ट्रंकेत तळाशी मेणकापडात गुंडाळलेली तुमची जर्सी आहे, हे मला सातवीत असताना कळलं, आणि तिनं मला शपथ घातली होती. आज मी ती मोडते आहे. आई, रागावू नकोस. पोराला खेळ कुठून आला हे त्याला माहीत नाही. त्याला वाटतं तो शेजारच्या मुलानं दिलेल्या जुन्या काठीपासून आला.

त्याला सल्ला नको आहे. तो मी रोज देते. गुडघा गेल्यावर कसं वाटलं, संपानंतर मैदानाकडं जाववत नव्हतं का, आणि तरीही तुम्ही रविवारी सकाळी पोरांचा खेळ बघायला कुंपणाबाहेर उभे का राहायचात, हे त्याला तुमच्याकडूनच ऐकायला हवं. मीही ऐकेन.

येत्या शनिवारी त्याचा सामना आहे, संध्याकाळी साडेसातला. तुमच्याकडं रविवारची पहाट, पाच वाजलेले असतील. मी स्टँडमध्ये बसून व्हिडिओ कॉल लावणार आहे. आई, मोबाइल रात्रीच चार्ज करून ठेव आणि वायफायच्या जवळ, हॉलमध्येच बसा. त्याचा नंबर 7 आहे, डाव्या बाजूला उभा असतो. बाबांच्या गोळ्या उपाशीपोटी असतात त्या आधी द्यायच्या, मग चहा. पहिलं सत्र संपलं की तो स्टँडकडं बघतो. तेव्हा मी मोबाइल वर धरेन, बाबा. तुम्ही फक्त समोर बसलेले असा.

तुमची,
ताई